चार म्हातारे आणि एक पंखा

दिगंबर आष्टेकरांना ज्यावर मत नाही, असा विषय भालवड गावात अजून जन्माला यायचा होता. नळाला पाणी किती वाजता यावं, गतिरोधक किती उंच असावा, सोनं घ्यावं की बँकेत ठेव ठेवावी, घरी पायजमा घालून नोकरी करणाऱ्या पोरांना नोकरदार म्हणावं का, फ्रिजने घरच्या माणसाला 'आज तिसऱ्यांदा उघडताय' असं सुनावणं शोभतं का, या सगळ्यांवर त्यांची पक्की मतं होती. ती दर शनिवारी 'भालवड समाचार' या साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर छापून येत. खाली सही असे: एक जागरूक नागरिक, दि. ग. आष्टेकर. हा क्रम एकतीस वर्षं चालू होता. कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या जागरूकतेला सुट्टीच उरली नाही.

त्यातली निवडक पत्रं लॅमिनेट करून हॉलच्या भिंतीवर लावलेली होती. घरी आलेल्या पाहुण्याला त्यातली दोन तरी वाचल्याशिवाय चहा मिळत नसे. अनुभवी पाहुणे चष्मा विसरून येत.

तर अशा या घरात नगरपालिकेचं 'घरमत' यंत्र आलं.

त्यामागचं शास्त्र थोडक्यात सांगायला हवं. डॉ. उर्मिला सबनीस नावाच्या एका बाईंनी बारा वर्षं लोकांच्या मतांचा अभ्यास केला आणि त्यांच्या लक्षात आलं की माणूस आपलं खरं मत कुणालाच सांगत नाही. पाहणी करायला कुणी आलं तर तो शोभेलसं बोलतो. सभेत शेजाऱ्याला आवडेलसं बोलतो. मतपेटीपुढे उभा राहिला की रांगेत मागे कोण आहे ते बघतो. पण तोच माणूस घरात, अनवाणी, कांदा चिरणाऱ्या माणसाशी बोलायला लागला की त्याच्या आवाजाचा पोत बदलतो. श्वास वेगळ्या जागी घेतला जातो. तोच मुद्दा कुणी न विचारता पुन्हा पुन्हा वर येतो. कुणी खोडून काढलं तर उत्तर किती झटकन येतं, यावरून ते मत किती खोल आहे हे मोजता येतं. सबनीसबाईंचा सिद्धांत एका ओळीचा होता: माणूस स्वयंपाकघरात खोटं बोलत नाही.

मग त्यांनी ते मोजणारी पेटी केली. पेटी घरप्रमुखाचा आवाज ओळखायची, महिनोन्‌महिने ऐकायची आणि प्रत्येक विषयावरचं त्याचं स्थिर मत ठरवायची. घरातलं बोलणं घराबाहेर जात नसे. वॉर्डात एखादा ठराव आला की पेटीतून फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढंच नगरपालिकेत पोचायचं. ना सभा, ना माईकची खरखर, ना हात वर करताना घामाचा वास. भालवड नगरपालिकेला ही कल्पना एवढी आवडली की सगळ्या सभा बंद करून सभागृह लग्नकार्याला भाड्याने देण्यात आलं.

पेटी बसवायला पल्लवी गुरव नावाची नगरपालिकेची तरुण इंजिनिअर आली. हॉलमधले सगळे प्लग भरलेले होते. स्वयंपाकघरात मिक्सरच्या वरचा तेवढा मोकळा होता. पेटी तिथे बसली.

"काका, घरप्रमुख कोण लावू?"

"त्यात विचारायचं काय? लावा दिगंबर गणेश आष्टेकर," असं म्हणून आष्टेकरांनी पल्लवीने दिलेला उतारा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. पेटीने आवाज नोंदवून घेतला.

त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई गवार मोडत होत्या. पोस्टाच्या काउंटरवर त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांनी जाळीपलीकडून पाहिलेलं होतं, आणि गावाने त्यांना.

"घराला एकच मत?" त्या म्हणाल्या. "घरात डोकी दोन आहेत."

"मग बरोबरच आहे त्यांचं," आष्टेकर ताबडतोब म्हणाले. "दोन मतं दिली तर घराघरात भांडणं लागतील."

"भांडणं लागायची आता काय थांबलीयत?"

"तुला राज्यकारभारातलं काही कळत नाही. एक घर, एक मत. हेच शास्त्रशुद्ध."

वाद भाजी फोडणीला पडून शिजेपर्यंत चालला. पल्लवीने मधेच कधीतरी स्क्रू आवळले आणि ती निघून गेली. पुढच्या शनिवारी 'समाचार'मध्ये आष्टेकरांचं पत्र झळकलं: 'घराला एकच मत का? घरात डोकी दोन आहेत!'

यात आष्टेकरांना काहीही वावगं वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की विचार हा लोणच्यासारखा मुरावा लागतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात वाद घालायचा, रात्री शांत झोपायचं, सकाळी उठलं की डोक्यात एक नवंकोरं, तेजस्वी मत तयार असतं. ते कुठून आलं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. चांगल्या घरच्या दिसणाऱ्या मताला कोण गोत्र विचारतो?

सात महिने असे गेले. मग वाचनालयाचा ठराव आला.

मंडईसमोरचं 'लोकसेवा मोफत वाचनालय' ही एक बसकी, कौलारू इमारत होती. आत एक लांब टेबल, आठ कपाटं, एक पंखा आणि ग्रंथपाल शहाबुद्दीन मुजावर. मुजावर बावीस वर्षं तिथे होते आणि कुठलं पुस्तक कुणाच्या घरी किती दिवस अडकलंय हे त्यांना तोंडपाठ होतं. आता ही इमारत पाडून तिथे दुमजली पार्किंग बांधायचं असा वॉर्ड सातचा ठराव होता.

"ऐकलंत का?" प्रमिलाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "वाचनालय पाडतायत म्हणे. पाडता कामा नये."

आष्टेकर नुकतेच वाचनालयातूनच आले होते. तिथे पंख्याखाली त्यांची छान डुलकी झाली होती. तरी ते म्हणाले, "का? काय ठेवलंय त्या वाचनालयात? चार म्हातारे आणि एक पंखा. त्यातला एक म्हातारा मी."

"पोरं येतात अभ्यासाला."

"पोरं मोबाइल चार्ज करायला येतात. बाजारच्या दिवशी मंडईत स्कूटर लावायला जागा नसते, ते बघ आधी. पार्किंगच हवं."

प्रमिलाबाईंनी सात मुद्दे मांडले. आष्टेकरांनी सातही खोडले. सलग तीन संध्याकाळी हेच झालं, आणि दुसऱ्या संध्याकाळी तर एक पोळी तव्यावर करपली. मिक्सरच्या वर पेटीचा बारीक दिवा शांतपणे चमकत होता.

चौथ्या दिवशी सकाळी आष्टेकर उठले ते पेटून उठले. 'वाचनालय वाचवा!' हे त्यांचं पत्र इतकं जळजळीत होतं की संपादकांनी ते पहिल्या पानावर घेतलं. वाचनालय बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच आष्टेकर. सतरा माणसांचा मोर्चा नगरपालिकेवर गेला. त्यातले तिघे वाटेत मंडईत भाजी घ्यायला थांबले, तरी घोषणा कमी पडल्या नाहीत. मुजावरांनी अध्यक्षांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजला. "तुम्ही आहात म्हणून धीर आहे, आष्टेकर साहेब," ते म्हणाले.

रविवारी निकाल लागला. वॉर्ड सातमधली सहाशे एकेचाळीस घरं. पार्किंगच्या बाजूने तीनशे एकवीस. वाचनालयाच्या बाजूने तीनशे वीस. एका मताने वाचनालय गेलं.

कारभार पारदर्शक असल्यामुळे कुठल्या घराने काय मत दिलं ती यादी प्रत्येकाच्या फोनवर आली आणि नगरपालिकेच्या फलकावरही लागली. आष्टेकरांनी फितूर शोधण्यासाठी चष्मा पुसून यादी वाचायला घेतली. एकशे तेरा, कुलकर्णी, वाचनालय. एकशे पंधरा, बागवान, वाचनालय. मधलं एकशे चौदा त्यांनी तीनदा वाचलं.

घर क्रमांक एकशे चौदा. घरप्रमुख दि. ग. आष्टेकर. पार्किंग. मताची निश्चिती: एक्याण्णव टक्के.

गाव म्हणजे गावच. दुपारपर्यंत लोकांनी त्यांचं नाव 'पार्किंगकाका' ठेवलं होतं. समितीच्या उपाध्यक्षांनी फोन उचलला नाही. आष्टेकर तडक वाचनालयात गेले. मुजावर मासिकांचे जुने बांधीव खंड सुतळीने बांधत होते. त्यांनी वर पाहिलं आणि नेहमीसारखी खुर्ची पुसून पुढे केली.

"मुजावर, हे यंत्र..."

"यंत्रच आहे, साहेब. चुकत असेल," मुजावर म्हणाले आणि गाठ मारू लागले.

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आष्टेकरांना पंख्याखाली बसवेना. जिथे त्यांची रोजची झोप हक्काची होती, तिथे ते पाच मिनिटं अवघडून उभे राहिले आणि घरी आले.

नियम असा होता की मत चुकीचं नोंदवलं गेलं असं वाटलं तर आठ दिवसांत हरकत घेता येते. सोमवारी सकाळी साडेदहाला आष्टेकर प्रमिलाबाईंना घेऊन पल्लवी गुरवच्या टेबलापुढे हजर झाले.

"तुमची पेटी बिघडली आहे," ते म्हणाले. "अख्ख्या गावाला माझं मत माहीत आहे, एक त्या पेटीला सोडून."

घरप्रमुखाने स्वतः परवानगी दिली तरच, आणि तीही हरकत निकाली निघेपर्यंतच, पेटीतली नोंद उघडता येत असे. आष्टेकरांनी रुबाबात अंगठा टेकवला. पल्लवीने पडद्यावरचं वाचायला सुरुवात केली.

"'काय ठेवलंय त्या वाचनालयात? चार म्हातारे आणि एक पंखा.' हे तुम्ही तीन दिवसांत पाच वेळा म्हणालायत, काका. न अडखळता. 'पोरं मोबाइल चार्ज करायला येतात', चार वेळा. 'पार्किंगच हवं', अकरा वेळा."

"अहो, ते मी हिच्याशी बोलताना म्हणालो!"

"तेच मोजायचं असतं ना. घरात माणूस खरं बोलतो."

"ते खरं नव्हतं. ती एक म्हणाली म्हणून मी दुसरं म्हणालो."

"का पण?"

आष्टेकरांनी तोंड उघडलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. त्यांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. प्रमिलाबाई समोरच्या भिंतीवरचं 'थुंकू नये' वाचत होत्या.

"घरात कुणीतरी म्हणायला हवं ना," ते शेवटी म्हणाले.

पल्लवी हसली नाही. बिचारीने आणखी काही कळा दाबल्या. पेटीने घरातला दुसरा आवाजही ऐकलेला होता, फक्त तो मोजला नव्हता. एखादं मत घरात आधी कुणाच्या तोंडून निघालं हे 'समाचार'च्या अंकांशी ताडून बघायची सोय होती. त्याला नियमात 'मताचा उगम' म्हणत.

"पेटी आल्यापासून तुमची अठ्ठावीस पत्रं छापून आलीयत," ती सावकाश म्हणाली. "त्यातल्या सत्तावीस पत्रांतलं मत काकूंनी आधी स्वयंपाकघरात मांडलेलं दिसतंय. दोन ते चार दिवस आधी. आणि सत्तावीसही वेळा तुम्ही घरात त्याच्या विरोधात बोललेला आहात."

आष्टेकरांना पहिल्यांदा राग आला, मग घाम आला. सांडपाण्याचं पत्र, ज्यावर मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः उत्तर धाडलं होतं. फ्रिजच्या आगाऊपणावरचं पत्र, जे शेजारच्या तालुक्यातल्या पेपरानेही घेतलं होतं. सगळी भिंत त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली. बुडत्याने काडी धरावी तसं त्यांनी विचारलं, "आणि ते अठ्ठाविसावं? ते कशावर होतं?"

पल्लवीने पाहिलं. "'समस्त वाचकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.'"

"मी तेव्हा बहिणीकडे गेले होते," प्रमिलाबाई म्हणाल्या.

उपाय एकच होता. मताचा उगम दुसऱ्या माणसाकडे आहे हे घरप्रमुखाने लिहून दिलं, तर आवाजाची नोंदणी बदलता येत असे. मग प्रमिलाबाईंचं मत घराचं मत म्हणून धरलं जाईल. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पेटीत त्यांच्या मताची निश्चिती सत्तर टक्क्यांवर गेली पाहिजे. नाही गेली तर घर तटस्थ धरलं जाईल, दोन्ही बाजू तीनशे वीसवर येतील आणि बरोबरी झाली की ठराव मंजूर असा नियम होता. म्हणजे वाचनालय जाणारच.

"फक्त एक आहे, काका," पल्लवी जरा चाचरत म्हणाली. "हा अर्ज फलकावर लावावा लागतो. कारणासकट."

अर्जावरचं कारण छापील होतं: 'घरातील मते मूळची माझी नसून खालील व्यक्तीची आहेत.' खाली नावासाठी रेघ होती.

आष्टेकरांनी पेन काढलं आणि ते तसंच धरून बसले. एकतीस वर्षं गावात त्यांची जी काही ओळख होती ती या एका रेघेवर उभी होती. वाचनालय गेलं तर लोक चार दिवस हळहळतील. ही सही झाली तर लोक मरेपर्यंत हसतील. त्यांना मुजावरांची सुतळी आठवली. खुर्ची पुसणारा तो हात आठवला.

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "नका करू सही," त्या हळूच म्हणाल्या. "लोक हसतील तुम्हाला."

"हसतील तर हसू देत!" आष्टेकर ताडकन म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. खाली तारीख घातली आणि जन्माच्या सवयीने दोनदा अधोरेखित केली.

चालकाशिवाय चालणारी रिक्षा त्यांना घरी घेऊन निघाली. रस्ताभर आष्टेकर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं हे?"

"काय?"

"की मी तुझंच लिहितो."

"न कळायला काय झालं? माझेच शब्द असायचे की."

"मग कधी बोलली का नाहीस?"

प्रमिलाबाईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "मला वाटायचं, तुम्हाला माझं पटतं, पण लगेच कबूल करायला जड जातं. शनिवारी अंक आला की कळायचं, पटलं म्हणून. मी वाट बघायचे शनिवारची."

आष्टेकर पट्ट्याचं टोक शोधत राहिले. रिक्षा पुन्हा पुन्हा 'कृपया पट्टा लावा' म्हणत होती.

त्यांनी मनाशी ठरवलं की गुरुवार संध्याकाळपर्यंत विरोधाचा एक शब्द काढायचा नाही. पेटीला प्रमिलाचं मत स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे. मधे आपली कटकट नको.

पल्लवी येऊन प्रमिलाबाईंचा आवाज नोंदवून गेली. पेटीवर आता एक आकडा दिसत होता. जेवायच्या वेळी प्रमिलाबाईंनी घसा खाकरला आणि भाषणाला उभं राहिल्यासारख्या म्हणाल्या, "वाचनालय राहिलं पाहिजे."

"हो," आष्टेकर म्हणाले.

आकडा बासष्टवर गेला. प्रमिलाबाई पुढच्या वाक्यासाठी थांबल्या. समोरून काही आलं नाही.

"पोरं अभ्यासाला येतात तिथे."

"हो. येतात."

"हो काय?"

"बरोबर आहे तुझं."

प्रमिलाबाईंनी संशयाने नवऱ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढली. पुढचा मुद्दा त्यांना आठवेना. आकडा अठ्ठावन्नवर आला.

मंगळवारी आष्टेकरांनी नऊ वेळा 'हो' आणि सहा वेळा 'तू म्हणतेस तसं' म्हटलं. दुपारी प्रमिलाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. बुधवारी त्या पाटावर बसून एकट्याच विचार करू लागल्या. सगळंच कबूल होत गेलं की माणसाला स्वतःच्या बोलण्याची शंका यायला लागते.

"तसं बाजारच्या दिवशी गाड्यांचा त्रास होतोच हो," त्या म्हणाल्या.

आष्टेकरांनी पेटीकडे पाहिलं. पण त्यांनी व्रत मोडलं नाही. "हो," ते म्हणाले.

"आणि इमारतही जुनी झालीय. कौलं गळतात."

"हो."

त्रेचाळीस. गुरुवारी सकाळी एकोणचाळीस. आष्टेकरांनी अंगणात जाऊन पल्लवीला फोन लावला. "काकू बोलतायत, पण आवाजात जोर नाही," ती म्हणाली. "पेटीला नुसती वाक्यं चालत नाहीत. मत किती खोल आहे ते कुणी खोडून काढलं की कळतं. गेल्या महिन्यातलं काकूंचं बोलणं काय होतं, काका! पण जुनं धरता येत नाही, नोंदणीनंतरचंच चालतं."

आष्टेकर फोन हातात धरून तुळशीपाशी उभे राहिले. मग त्यांना उमगलं, आणि उमगल्याबरोबर भीतीही वाटली. विरोध करावा, तर आधीच डळमळलेल्या प्रमिलाला तो विरोधच पटला तर? आजवर स्वयंपाकघरात एकही वाद ते जिंकले नव्हते. नेमका आजच जिंकले म्हणजे?

पावणेसहा वाजले. प्रमिलाबाई पोळ्यांना बसल्या होत्या. आकडा छत्तीस. फोनवर मुजावरांचा निरोप आला होता: 'कपाटं उद्या गोदामात जातील. तुमच्या नावावरचं पुस्तक सवडीने द्या, घाई नाही.' आष्टेकरांनी तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"मला वाटतं," प्रमिलाबाई पोळी उलटत म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा म्हणत होतात तेच..."

"अगदी बरोबर म्हणत होतो!" आष्टेकर गरजले. "काय ठेवलंय त्या वाचनालयात? चार म्हातारे आणि एक पंखा!"

लाटणं थांबलं.

"काय म्हणालात?"

"चार म्हातारे आणि एक पंखा. पाडा म्हणावं उद्याच. पुस्तकं काय, फोनवर मिळतात."

"फोनवर?" प्रमिलाबाई वळल्या. लाटणं हातातच होतं. "त्या बागवानांच्या सायराने फोनवर केला का अभ्यास? एका खोलीत सात माणसं त्यांची. दोन वर्षं त्या टेबलाशी बसली, तेव्हा आज तलाठी झाली. तिच्या नेमणुकीचं पाकीट माझ्या हातून गेलंय!"

"एक मुलगी झाली म्हणून अख्खी इमारत ठेवायची?"

"एक? अकरा झाली! मी मोजलीयत. आणि मी? दुपारच्या सुट्टीत तेहतीस वर्षं कुठे जाऊन बसत होते मी? काउंटरवर दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, घरी येऊन तुमचं. गावात एकच जागा होती जिथे मला कुणी काही म्हणत नव्हतं. आणि तुम्ही तिथे स्कूटर लावणार?"

हे मात्र आष्टेकरांनी कधीच ऐकलेलं नव्हतं. त्यांना थांबावंसं वाटलं. पण पेटी पासष्टवर होती आणि घड्याळात नऊ मिनिटं उरली होती.

"स्कूटरला सावली नको का?" ते कसेबसे म्हणाले.

त्यापुढे जे झालं ते शेजारच्या कुलकर्ण्यांनी गॅलरीत खुर्ची टाकून ऐकलं. कौलं गळत असतील तर कौलं बदला, माणसं नका बदलू. म्हातारे चार असतील, पण ते घरी बसले तर चार घरं बिघडतील. त्यातला एक माझ्या घरी बसला तर मी काय करायचं? मुजावरांना बावीस वर्षांनी बाहेर काढणारे हे कोण? आष्टेकर प्रत्येक वाक्याला 'छे', 'काहीतरीच', 'मुळीच नाही' असं इंधन घालत होते आणि एका डोळ्याने आकडा बघत होते. बहात्तर. एक्क्याऐंशी. तव्यावरची पोळी करपून काळी झाली. ठीक सहा वाजता पेटीने 'टुण' केलं.

सत्त्याण्णव.

आष्टेकर मटकन पाटावर बसले. "झालं," ते म्हणाले. "प्रमिला, झालं. मी मुद्दाम म्हणालो."

"मुद्दाम म्हणे," प्रमिलाबाई करपलेली पोळी उचलत म्हणाल्या. श्वास अजून वर-खाली होत होता, पण चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा तजेला होता. "एवढं छान कुणी मुद्दाम बोलतं का?"

निकाल फिरला. वाचनालय तीनशे एकवीस, पार्किंग तीनशे वीस. मुजावरांनी सुतळ्या सोडून त्यांचा गुंडा करून खणात ठेवला, पुढच्या ठरावाला लागेल म्हणून. फलकावर आष्टेकरांचा अर्ज लागला आणि लोक हसायचे तेवढे हसले. आठवडाभर. मग उपाध्यक्षांच्या बायकोने घरी उगमाची चौकशी सुरू केली आणि बऱ्याच पुरुषांचं हसू मावळलं.

त्या शनिवारी 'समाचार'मध्ये वाचनालयाबद्दल आभाराचं पत्र आलं. सही: सौ. प्रमिला आष्टेकर. खाली बारीक टायपात एक ओळ होती: 'वरील सर्व मुद्द्यांना घरातून विरोध झालेला आहे. – दि. ग. आष्टेकर.'

भिंतीवरची पत्रं आष्टेकरांनी काढली नाहीत. मार्कर पेन घेऊन प्रत्येकावर आपल्या नावाआधी त्यांनी बायकोचं नाव घातलं. दिवाळीच्या शुभेच्छा तेवढ्या स्वतःच्या नावावर ठेवल्या.

पुढच्या सोमवारी ते वाचनालयातून घामाघूम होऊन परत आले. तिथे आता गर्दी वाढली होती आणि पंख्याखालची त्यांची खुर्ची एका तलाठी परीक्षेच्या मुलीने पटकावली होती.

"एक पंखा पुरत नाही," ते स्वयंपाकघरात पाणी पिता पिता म्हणाले. "दुसरा हवा."

"काही नको," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एक पुष्कळ आहे. दुसरा आला की तुम्ही तिथेच मुक्काम ठोकाल."

"अगं, पोरं उकडून निघतात."

"उकडू देत. उकडलं की झोप येत नाही, अभ्यास होतो."

आष्टेकरांनी पाच मुद्दे मांडले. प्रमिलाबाईंनी पाचही खोडले. ते हरून हॉलमध्ये जाऊन बसले.

शनिवारी सकाळी अंक आला. तिसऱ्या पानावर प्रमिलाबाईंचं पत्र होतं: 'वाचनालयाला दुसरा पंखा हवा!' आष्टेकरांचे पाचही मुद्दे त्यात होते. शब्दही त्यांचेच होते.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. आतून लाटण्याचा आवाज येत होता. त्यांनी कात्री घेतली, पत्र नीट कापलं आणि ते लॅमिनेट करून आणायला स्कूटर काढली.